बिलावरची किंमत आणि ‘खरी’ किंमत : आयात मालाच्या मूल्यांकनाचे दीडशे वर्षांचे वाद

आजचा विषय ऐकून काही जण मनात म्हणतील, हा तर हिशेबनिसांचा आणि वकिलांचा प्रांत, इथे इतिहास कुठे आला? पण बंदरावर उतरणाऱ्या मालाची किंमत कोणी ठरवायची, या एका प्रश्नात व्यापार, सरकार आणि न्यायालय या तिघांचे संबंध किती वेळा बदलले ते पाहिलं, की हा विषय रुक्ष राहत नाही.

आपल्याकडे जकातीचा इतिहास म्हटला की चटकन शिवाजी महाराजांचं १६७१ चं पत्र आठवतं. कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं. बारदेशातलं मीठ स्वस्तात येतं आणि आपल्या मुलखातल्या मिठाचा व्यापार बसतो, तेव्हा त्यावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. पत्र गाजलेलं आहे आणि ते गाजायलाच हवं. पण त्यातला प्रश्न जकातीच्या दराचा आहे. आज आपण दराबद्दल बोलणार नाही. दर ठरल्यावर पुढचा प्रश्न येतो : दर कशावर लावायचा?

जकात दोन प्रकारे घेता येते. एक, मोजमापावर : मणाला इतके, पिंपाला इतके. यात भांडण फारसं नाही, तराजू खरा असला की झालं. दुसरी, किमतीवर : शंभराला पाच, शंभराला दहा. इथे तराजू चालत नाही. व्यापारी बिल दाखवतो आणि म्हणतो, ही किंमत. अधिकारी बिल बघतो आणि म्हणतो, पटत नाही. इथून खटला सुरू होतो.

आकड्यांत पाहू. समजा एका यंत्राची बिलावरची किंमत १ लाख रुपये आहे आणि अधिकाऱ्याच्या मते ती दीड लाख आहे. दर ५ टक्के असेल तर वाद अडीच हजारांचा. व्यापारी बहुधा कुरकुरत भरून टाकील. दर १५० टक्के असेल तर तोच वाद ७५ हजारांचा होतो, म्हणजे बिलावरच्या किमतीच्या पाऊणपट. मग तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणारच. आपल्याकडच्या मूल्यांकनाच्या वादांचा चढउतार समजून घ्यायचा तर हे गणित डोक्यात ठेवायला हवं. दर चढले की खोटी बिलं वाढतात, खोटी बिलं वाढली की अधिकाऱ्याचा संशय वाढतो, आणि संशय वाढला की खरं बिल घेऊन आलेल्या माणसाचीही पंचाईत होते.

जुन्या काळी यावर एक गमतीशीर उपाय होता. १८६० साली इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात जो प्रसिद्ध व्यापारी तह झाला, त्यात एक कलम होतं. सांगितलेली किंमत कमी आहे असं फ्रान्सच्या कस्टमवाल्यांना वाटलं, तर त्यांनी वाद घालत बसू नये. व्यापाऱ्याला त्यानेच सांगितलेली किंमत अधिक ५ टक्के देऊन माल सरळ विकत घ्यावा. बघा, किती व्यवहारी विचार आहे! तू म्हणतोस ना माल शंभराचा आहे? घे एकशे पाच, माल आमचा. कमी किंमत सांगणारा आपोआप अडकतो. आणि अधिकाऱ्यालाही उगाच संशय घेता येत नाही, कारण चुकला तर न खपणारा माल सरकारच्या गळ्यात. संशय घेणाऱ्यालाही काही किंमत मोजावी लागावी, हे तत्त्व या कलमात होतं. पुढच्या काळात ते हरवलं, आणि वेगळ्या रूपात परत आणण्याचं काम न्यायालयांना करावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. १८७८ चा समुद्री जकात कायदा. त्यातलं कलम ३० हे आपल्या विषयाचं मूळ. मालाची ‘खरी किंमत’ म्हणजे काय ते या कलमाने दोन पायऱ्यांत सांगितलं. पहिली पायरी : त्या जातीचा, त्या प्रतीचा माल ज्या बंदरावर ज्या वेळी आला, तिथे त्या वेळी घाऊक रोख भावाने किती रुपयांना विकला जातो, तो भाव, त्यातून व्यापारी सूट आणि भरायची जकात वजा. असा भाव सापडतच नसेल तर दुसरी पायरी : तसा माल त्या ठिकाणी आणून पोहोचवायला किती खर्च येईल, ती किंमत.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या कायद्यात परदेशातल्या बिलाला मुख्य स्थान नाही. मँचेस्टरच्या व्यापाऱ्याने काय लिहून दिलं यापेक्षा मुंबईच्या बाजारात भाव काय, हे महत्त्वाचं. एकाच जातीचं कापड दहा पेढ्या आणत होत्या, बाजारात भाव सर्वांना ठाऊक होता, त्या काळाला हे शोभणारं होतं.

पण विसाव्या शतकात माल बदलला. नाममुद्रेचा माल येऊ लागला, एकाच कंपनीचा, एकाच आयातदाराने आणलेला. मग ‘त्या जातीच्या मालाचा घाऊक भाव’ शोधायचा कुठे? याच प्रश्नावरचे दोन खटले थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. पहिला १९३२ चा, व्हॅक्यूम ऑइल कंपनीचा. त्यात तत्त्व असं मांडलं गेलं, की कायद्याने ‘घाऊक’ भाव मुद्दाम म्हटलं आहे, कारण माल उतरल्यानंतर देशात होणारे विक्रीचे खर्च त्यात शक्यतो मिसळू नयेत. जकात आयात मालावर आहे, दुकानदारीवर नाही. दुसरा १९३८ च्या निकालसंग्रहातला, फोर्ड मोटर कंपनी ऑफ इंडियाचा. त्यात सांगितलं गेलं, की बाजारात तसा दुसरा माल नसला तरी बिघडत नाही. जो माल आला आहे तोच आपल्या जातीचा एकमेव नमुना धरता येतो आणि त्याला मिळालेला भाव हाच त्या जातीचा भाव.

ही तत्त्वं स्वातंत्र्यानंतरही टिकली. केंद्रीय उत्पादन शुल्काच्या १९४४ च्या कायद्यातलं मूल्याचं कलम याच साच्यातून काढलेलं. पुढे व्होल्टासचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. कंपनी ९० ते ९५ टक्के माल थेट गिऱ्हाइकांना छापील किमतीला विकत होती आणि उरलेला थोडा घाऊक व्यापाऱ्यांना २२ टक्के सुटीने. सरकार म्हणालं, ही घाऊक विक्री नावापुरती आहे. न्यायालयाने प्रिव्ही कौन्सिलचे जुने निकाल समोर ठेवले आणि म्हटलं, व्यवहार खरा असेल, बाहेरच्या माणसाशी बरोबरीच्या नात्याने झालेला असेल, तर तो थोडा आहे म्हणून नाकारता येणार नाही. समुद्री जकातीच्या वादात घासून तयार झालेलं तत्त्व कारखान्याच्या दारापर्यंत असं पोहोचलं.

दरम्यान जगात काय चाललं होतं? १९४७ च्या गॅट कराराच्या सातव्या कलमात सांगितलं होतं, की जकात मालाच्या प्रत्यक्ष मूल्यावर घ्या. मनमानी किंवा काल्पनिक मूल्यावर नको, आणि आयात करणाऱ्या देशातल्या मालाच्या भावावर तर नकोच. तरीही अमेरिका १९२२ पासून काही रसायनांवर नेमकं तेच करत होती. माल युरोपातून यायचा, पण जकात लागायची अमेरिकी कारखान्याच्या विक्रीच्या भावावर. म्हणजे घरच्या कारखानदाराने भाव वाढवला की परक्याची जकात आपोआप वाढते! दर कागदावर तोच, भिंत मात्र उंच. मूल्यांकनाचा नियम हा लपवलेला दर असू शकतो, हे यातून सगळ्यांना कळलं. ही पद्धत जायला टोकियो फेरीचा १९७९ चा करार व्हावा लागला.

युरोपने वेगळी वाट धरली होती. १९५० च्या ब्रुसेल्स व्याख्येत म्हटलं होतं, की मोकळ्या बाजारात, एकमेकांशी संबंध नसलेल्या खरेदीदार-विक्रेत्यांत हा माल किती किमतीला विकला गेला असता, ती किंमत धरा. ‘असता’ हा शब्द महत्त्वाचा. प्रत्यक्ष किती दिले, हा प्रश्न दुय्यम. किती द्यायला हवे होते, हे अधिकारी ठरवणार.

आपला १९६२ चा सीमाशुल्क कायदा याच वळणाचा निघाला. कलम १४ मधली किंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारात असा माल, आयातीच्या वेळी आणि ठिकाणी, ‘सामान्यतः’ ज्या किमतीला विकला जातो ती. विक्रेत्या-खरेदीदाराचे एकमेकांच्या धंद्यात हितसंबंध नसावेत आणि किमतीशिवाय दुसरा मोबदला नसावा. या ‘सामान्यतः’वर पुढे कित्येक वर्षं वकिलांची उपजीविका झाली. एक उदाहरण घ्या. तुम्ही जानेवारीत करार केला, माल जूनमध्ये आला, दरम्यान जगात भाव चढले. जकात कोणत्या भावावर? तुम्ही पैसे तर जानेवारीच्या भावाने दिले. पण राजकुमार निटिंग मिल्सच्या मुंबईतल्या खटल्यात १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कलम आयातीच्या वेळच्या किमतीबद्दल बोलतं, तेव्हा कराराची किंमत हीच अखेरची नव्हे. कायद्याच्या शब्दाला धरून ते होतं. पण व्यापाऱ्याच्या बाजूने विचार करा. जो नफा त्याने दूरदृष्टीने कमावला, त्यावरही जकात.

१९७९ च्या टोकियो करारानं हा विचार उलटा केला. पाया धरला तो व्यवहारमूल्याचा : प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत. बिल खरं मानून सुरुवात करायची, ठरावीक कारणं असतील तरच बाजूला ठेवायचं. मग एकामागून एक पायऱ्या : हुबेहूब मालाची किंमत, तशाच मालाची किंमत, देशातल्या विक्रीवरून मागे काढलेली किंमत, उत्पादनखर्चावरून काढलेली किंमत, आणि शेवटी उरलेली पद्धत. पायऱ्या क्रमाने उतरायच्या, उड्या मारायच्या नाहीत.

भारतासारख्या देशांना यात धोका दिसला, आणि तो खोटा नव्हता. आपले जकातीचे दर भयंकर होते. १९९१ च्या अर्थसंकल्पात कमाल दर ‘खाली’ आणला तो १५० टक्क्यांवर, यावरून आधीची कल्पना करा. अशा देशात आयातदार निम्म्या किमतीचं बिल दाखवतो आणि उरलेले पैसे हवाल्याने पाठवतो, हे गुपित नव्हतं. ‘बिल खरं माना’ हा नियम श्रीमंत, कमी दराच्या देशांना परवडतो. आम्हाला कसा परवडेल, असं विकसनशील देशांचं म्हणणं होतं. शेवटी सवलती आणि मुदती घेऊन आपण करार स्वीकारला आणि ऑगस्ट १९८८ मध्ये नवे मूल्यांकन नियम लागू झाले. गंमत अशी, की मूळ कलम १४ मधलं ‘सामान्यतः’ तसंच राहिलं. वर कायद्यात ‘सामान्यतः विकली जाणारी किंमत’, खाली नियमात ‘प्रत्यक्ष दिलेली किंमत’. एका घरात दोन कारभारी. भांडण ठरलेलंच.

ते झालं आयशर ट्रॅक्टर्सच्या खटल्यात. १९९३ मध्ये या कंपनीने जपानमधल्या विक्रेत्याकडून बेअरिंग घेतले. माल नवा होता, वापरलेला नव्हता, पण काही वर्षं पडून राहिलेला साठा. विक्रेत्याने तो मोकळा करायचा म्हणून किंमतपत्रकावर ७७ टक्के सूट दिली. कस्टमने म्हटलं, एवढी सूट कोण देतो? प्रकरण वर वर जात नोव्हेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, आयातदाराच्या बाजूने.

या निकालातला एक मुद्दा मराठी श्रोत्यांना मुद्दाम सांगावासा वाटतो. नियमाच्या इंग्रजी मजकुरात ‘व्यवहारमूल्य’ या शब्दाआधी ‘द’ हे उपपद आहे. न्यायालयाने त्यावर बोट ठेवलं : ‘द’ म्हटलं आहे, म्हणजे याच व्यवहाराची किंमत, अशा व्यवहारांची सर्वसाधारण किंमत नव्हे. आपल्या भाषेत असं उपपदच नाही. आपण फार तर ‘हाच’ म्हणू. पण त्या एका अक्षराने अधिकाऱ्याचे हात बांधले. न्यायालयाने आणखी सांगितलं, की किंमतपत्रक म्हणजे विक्रेत्याने सर्वांसाठी काढलेला अंदाज. सूट हा व्यापाराचा मान्य रिवाज आहे आणि जुना साठा काढणं हे सुटीचं रास्त कारण आहे. नियमात दिलेल्या अपवादांपैकी काही असेल तरच बिलाची किंमत नाकारा. तुम्हाला ती कमी वाटते, हे पुरेसं कारण नाही.

व्यवहारमूल्य मानायचं म्हणजे आयातदार म्हणेल तेच, असं मात्र नाही. हीच न्यायालयं उलटही गेली आहेत. एस्सार गुजरातने परदेशातला लोखंड बनवण्याचा जुना प्रकल्प विकत घेतला. तो चालवायला अमेरिकेतल्या मिड्रेक्स कंपनीचा प्रक्रिया परवाना लागत होता आणि तो मिळवणं ही खरेदीच्या करारातलीच अट होती. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, परवान्याची फी किमतीत धरा. परवान्याविना ते यंत्र घेण्यात अर्थच नव्हता. असोसिएटेड सिमेंट वगैरेंच्या २००१ च्या निकालात प्रश्न होता तांत्रिक आराखड्यांचा. आयातदार म्हणत होते, आले ते कागद आणि फ्लॉपी, त्यांची ती काय किंमत? न्यायालय म्हणालं, पुस्तकाची किंमत कागद-शाईची नसते, मजकुराची असते. तो मजकूर कागदावर किंवा फ्लॉपीवर उतरून आला की तो मालच. म्हणजे न्यायालयाने शोधलं ते हेच : खरा व्यवहार काय झाला?

आणि संशयाचं काय? विकसनशील देशांच्या आग्रहामुळे १९९४ च्या माराकेशच्या बैठकीत एक निर्णय झाला होता. किमतीच्या खरेपणाबद्दल शंका घ्यायला कारण असेल, तर अधिकाऱ्याने आयातदाराकडे खुलासा मागावा; खुलासा पटला नाही तर बिलाची किंमत बाजूला ठेवता येईल. तो आपल्याकडे १९९८ मध्ये नियमांत आला. पुढे २००७ मध्ये कलम १४ च नव्याने लिहिलं गेलं, ‘सामान्यतः’ गेलं, व्यवहारमूल्य कायद्यात बसलं, आणि शंकेचा नियम नव्या नियमावलीत बारावा झाला. त्याच वर्षी साउथ इंडिया टेलिव्हिजनच्या निकालात न्यायालयाने बजावलं, की किंमत कमी दाखवली हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्याची आहे. नुसता आरोप नको, पुरावा हवा.

पण कागदावरचा नियम आणि गोदीतला व्यवहार यांत अंतर असतं. ते अंतर भंगाराच्या खटल्यांत दिसलं. ॲल्युमिनियमचं भंगार आयात करणारे छोटे-मोठे धंदेवाले. भंगाराची किंमत ठरवणं तसंही अवघड, प्रत्येक खेप वेगळी. अधिकारी लंडनच्या धातुबाजारातला शुद्ध धातूचा भाव घेणार, त्यातून ठरावीक वजावट करणार आणि म्हणणार, तुमच्या मालाची किंमत ही. आयातदार काय करणार? कंटेनर अडकलेला, डेमरेज रोज चढतंय, कारखाना कच्च्या मालावाचून बसलेला. तो वाढीव किंमत ‘मान्य’ असल्याचं लिहून देतो आणि माल सोडवतो. मग खातं म्हणतं, बघा, त्यांनीच कबूल केलं!

डिसेंबर २०१८ मध्ये संजीवनी नॉन-फेरसच्या आणि मे २०१९ मध्ये सेंच्युरी मेटल रिसायकलिंगच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याची दखल घेतली. शंकेला वस्तुनिष्ठ आधार हवा, कारणं कळवायला हवीत, खुलाशाचा विचार व्हायला हवा. आधी बिल नाकारण्याची कारणं आणि मगच नवी किंमत. सरसकट तक्ता लावून किंमत चढवता येणार नाही.

इथे आपण पुन्हा १८६० च्या त्या कलमाजवळ येतो. तिथे संशय घेणाऱ्याला माल विकत घ्यावा लागत होता. आज त्याला निदान कारण लिहावं लागतं. पैशांऐवजी शब्दांत, पण किंमत मोजावी लागते. आमच्या मते या साऱ्या निकालांचा गाभा हाच आहे.

तरी लंबक थांबलेला नाही. २०२२ मध्ये कलम १४ मध्ये नवी तरतूद आली आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून नवे नियम लागू झाले. ज्या मालात कमी किंमत दाखवण्याचा संशय वारंवार येतो, तो माल आधीच ‘निवडून’ ठेवायचा आणि त्याच्या आयातदारांवर जास्तीची माहिती देण्याचं बंधन घालायचं. काही मालाबाबत तर वाद मिटवण्याची पद्धत फार जुनी आहे : सरकारनेच मूल्य जाहीर करायचं. २००१ पासून पामतेलाचं असं मूल्य जाहीर होतं, साधारण दर पंधरवड्याला बदलतं. सोनं, चांदी, पितळेचं भंगार आणि आपल्या कोकण-गोव्याच्या जिव्हाळ्याची सुपारी या यादीत आहेत. तिथे बिल काय म्हणतं याला जकातीपुरतं महत्त्वच नाही. १९६२ चा ‘सामान्यतः’ तिथे अजून नांदतो आहे.

शेवटी एवढंच. या वादात एक बाजू चोर व्यापाऱ्याची आणि एक प्रामाणिक सरकारची, असं चित्र इतिहासाला मान्य नाही. खोटं बिल सरकारला बुडवतं, हे खरं. पण इथल्या कारखानदारालाही बुडवतं आणि खऱ्या बिलाच्या आयातदारालाही, कारण त्याला खोट्याशी स्पर्धा करावी लागते. आणि मनमानी संशय फक्त खऱ्यालाच बुडवतो. खोट्याने ती जोखीम आधीच हिशेबात धरलेली असते. म्हणून संशय घ्यायचा अधिकार हवा आणि त्याला लगामही हवा. दर उतरले तेव्हा वाद निवळले, दर चढतील तेव्हा ते पुन्हा पेटतील. जकातीचा दर वाढल्याची बातमी वाचताना आपण हा पुढचा प्रश्न विचारायला शिकलो, तर आजचा तास सत्कारणी लागला असं समजू : दर वाढला खरा, पण किंमत कोण ठरवणार, आणि ती पटली नाही तर दाद कुठे मागायची?

आता प्रश्न घेऊ.